झाकण-टेकूचं गुपित

३ मार्च, सकाळ
ठरलं. पेटंट घेणार. भांड्याच्या काठाला अडकवायचा तारेचा आकडा. झाकण त्यावर अर्धवट उघडं राहतं आणि दूध उतू जात नाही. नाव : झाकण-टेकू. जन्मभर कारकुनी केली, पण जगात कशावर माझं नाव नाही. एका लाइटबिलावर आहे, तेही चुकीचं छापलेलं.

वकील नको. फी ऐकूनच परत फिरलो. सुरुवातीला प्रोव्हिजनल अर्ज चालतो म्हणे. प्रोव्हिजनल म्हणजे तात्पुरता. तात्पुरत्या कामात माझा हात कोण धरणार?

३ मार्च, संध्याकाळ
हिला दाखवला. म्हणाली, मी तर चमचा ठेवते झाकणाखाली. तिला समजावलं, चमचा तो चमचा आणि टेकू तो टेकू. ती हसली. बायको हसली म्हणजे शोध मोठा आहे.

६ मार्च
मेहुणीचा फोन. एका वकिलाकडे पेटंटचंच काम बघते. म्हणाली, भाऊजी, अर्ज पाठवायच्या आधी मला वाचायला द्या, पैसे नकोत. आणि तोवर कुणाला काही दाखवू नका. गोड बोलून शोध काढून घ्यायची युक्ती! मी काय दुधखुळा आहे? अर्ज तिला दाखवायचा नाही. आजपासून कडक गुप्तता.

९ मार्च
न्हाव्याला टेकू दाखवला. हे धरायचं नाही. कात्री चालू असताना माणूस काहीतरी बोलणारच. बाकावर वाट बघत बसलेल्यांनाही आवडला. एकाने फोटो काढला.

१४ मार्च
अर्जासाठी आकृती काढली. बराच वेळ गेला. ही म्हणाली, बदक छान आलंय.

१५ मार्च
कोपऱ्यावरच्या भांडीवाल्याकडे प्रात्यक्षिक. बाजाराचा अंदाज नको घ्यायला? बोट भाजलं. तार तापते. किरकोळ बाब. तो म्हणाला, कुणी घेणार नाही साहेब, पण नमुना राहू द्या. बिचाऱ्याला नाही म्हणवेना. गुप्त आहे, असं बजावून आलो.

२१ मार्च
वर्णन लिहायला बसलो. पेटंटच्या कचेरीत अर्ज उघडणारा कुणी कारकून असणारच. कारकुनाला काय काय वाचायला मिळतं, ते मला कुणी शिकवायला नको. म्हणून तार, आकडा, झाकण, भांडं हे शब्दच गाळले. आता वाक्य असं : 'एक विशिष्ट वस्तू दुसऱ्या विशिष्ट वस्तूस विशिष्ट रीतीने अडकवली असता तिसरी वस्तू इष्ट स्थितीत राहते.' वाचून क्षणभर मलाच काही कळेना. फक्कड जमलंय! आकृतीही काढून टाकली. बदकावरून कुणी ओळखलं तर?

२४ मार्च
अर्ज गेला! नंबरासकट पोच आली. फ्रेम करणार. हिला म्हटलं, आता कुणाची माय व्यालीय टेकूला हात लावायची! ती म्हणाली, दूध बघा. उतू गेलं होतं. टेकू लावायचा राहिला.

११ जून
भांडीवाल्याच्या दारात टेकूंची माळ लटकतेय. वर रबराची मूठ. फ्रेम काखेत मारून गेलो, आवाज चढवला. तो गिऱ्हाइकांदेखत म्हणाला, बसा, पाणी घ्या. कल्पना तुमचीच साहेब, सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. गिऱ्हाइकांनी माना डोलावल्या. पाणी प्यायलो आणि घरी आलो.

१२ जून
मेहुणीला अर्ज दाखवला. तिने दोनदा वाचला. म्हणाली, भाऊजी, यात शोध कुठे आहे? मी म्हटलं, तेच तर गुपित! ती डोक्याला हात लावून बसली. म्हणे, अर्जात जेवढं सांगाल तेवढंच तुमचं. तुम्ही न्हाव्याला सगळं सांगितलंत आणि पेटंटवाल्यांना काहीच नाही. मग नवा अर्ज करतो, म्हटलं. तर म्हणे, दुकानात माळा लागल्या, आता त्यात नवं काय उरलं? हसली नाही. हसली असती तर बरं वाटलं असतं. फार वाईट वाटलं.

१९ जून
चमच्यांच्या खणात विकतचा टेकू सापडला. हिने आणून लपवला होता. ती घरात नसताना लावून पाहिला. दूध उतू गेलं नाही. बोट भाजलं नाही. चांगला केलाय मेल्याने.

लाइटबिल आलं. नाव याही वेळी चुकलंय. आता सोडणार नाही. दुरुस्तीचा अर्ज मी स्वतः लिहिणार, वकील-बिकील नको. ही म्हणाली, त्यात नाव तरी लिहा.