काडीने काढलेला कण

प्रिय हल्वोर,

‘प्रिय’ म्हणताना जीभ जड होते, पण पत्राची रीत मोडवत नाही. परवा माझी नात टूने तुझ्या वर्कशॉपमधून घरी आली आणि जेवायच्या आधीच भिंत चाचपू लागली. डोळे लालभडक, वाळू भरल्यासारखे खुपत होते. वर मलाच सांगते, “आजोबा, कच्च्या बटाट्याच्या चकत्या द्या. हल्वोरकाका म्हणाले, सकाळपर्यंत उतरतं.” बटाटा मी रश्श्यात टाकला आणि तिला दवाखान्यात नेलं. डोळे वाचले. यात तुझी पुण्याई काही नाही. “वेल्डिंगच्या एवढ्याशा टाक्याला मास्क कशाला? डोळे मिट आणि मार. तुझा आजोबा असेच मारायचा!” हे बोलताना तुझी जीभ झडली कशी नाही रे?

आजोबा असेच मारायचा, खरं आहे. डोळ्यात कण गेला तर दवाखान्यात जाणारा भित्रा, ही आपल्या गोदीची अक्कल. तू काडेपेटीतली काडी तासून पापणी उलटी करायचास आणि लोखंडाचा कण टिपायचास. पोरं तुला डॉक्टर म्हणायची, तू कोंबड्यासारखा फुगायचास. ग्राइंडरचा कण माझ्या डाव्या डोळ्यात घुसला, तेव्हा माझा कामाचा चष्मा खिळ्याला टांगलेला होता. वाफ धरायचा ना! “हलू नकोस, गड्या,” म्हणत तू कोरत बसलास. तिसऱ्या दिवशी पू झाला. डोळा गेला.

तू दालचिनीचे पाव घेऊन आलास आणि रडलास. “माझं नाव सांगू नकोस, आस्लाक. घरी तीन पोरं आहेत.” मी सगळ्यांना सांगितलं, लाकडं फोडताना ढलपी उडाली. छत्तीस वर्षं तेच सांगतोय. बायको तेच खरं मानून गेली. टूने कुऱ्हाडीला हात लावायलाही घाबरते, पण लोखंडाची भीती तिला कुणी घातलीच नाही. ते पाप तुझ्याएवढंच माझंही.

अक्षर माझं नाही, हे तू ओळखलंच असशील. उरलेल्या डोळ्यालाही आता ओळी दिसत नाहीत. मी बोललो, टूनेने लिहिलं. काडीपाशी तिचं पेन थांबलं. उठून गेली की काय, असं वाटलं. मग म्हणाली, “पुढे सांगा.” तिच्या तोंडावर सांगायची माझी छाती झाली नाही, म्हणून तुझ्या नावाने सांगितलं. सोमवारी ती मास्क लावून कामाला येईल. हसायचं असेल तर तिच्यासमोर हस.

एकेकाळी तुझाच,
आस्लाक