खिळ्यावरची रोटी

४ मार्च, सकाळ
पहाटे तो आवाज पुन्हा ऐकू आला, पन्नास वर्षांपूर्वीचा. सारीकुदुक गावच्या होडीची दोरी चाकावरून कुरकुरत यायची आणि खाली अमुदर्या वाहायची. चौथीतली नदीची कविता लगेच ओठांवर आली. ओयसुलुवला सांगितलं. कणीक मळता मळता ती म्हणाली, हा आपल्या बुखारा स्टेशनच्या चहाखान्याच्या दाराचा आवाज, अजून तसाच कुरकुरतो. बायको प्रवासवर्णनं वाचत नाही.

दुपार
प्रकाशकाचा फोन. शाळेत लागलेल्या माझ्या ‘नावाड्याच्या घरी’ या धड्याची नवी आवृत्ती निघतेय. बोबोनझर नावाड्याच्या घरापुढे माझा फोटो हवा. शिवाय ‘सर्व स्वतः पाहिलेले आहे’ यावर सही, नवरोजच्या आत. शुक्रवारी निघतो म्हणालो.

७ मार्च
निघताना रीतीप्रमाणे रोटीचा एक घास घेतला. उरलेली ओयसुलुवनं खिळ्याला टांगली. परतलो की मीच संपवायची.
गाडी फलाटावर शिरत होती, ते वर्णन चहाखान्यात बसून टिपून घेतलं. सुंदर उतरलं. वर पाहिलं तर गाडी गेलेली.

८ मार्च
रोटी उतरवायला गेलो. ओयसुलुव म्हणाली, “गेलाय कुठे तुम्ही, परत यायला?”
खिळ्यावरच आहे.

१४ मार्च
आज डब्यात चढलो. समोरच्या बाईंनी ओळखलं. धडा त्यांना पाठ. विचारलं, ते तुतीचं झाड अंगणात होतं की घरामागे? एकदम गुडघा दुखू लागला. उतरलो.

१५ मार्च
ही वही कुणी वाचत नाही, म्हणून लिहितो. बहात्तर सालीही गाडी चुकली होती. चहाखान्यात सारीकुदुकचा एक मेंढपाळ भेटला. नावाडी, दोरी, होडी, सगळं त्यानं सांगितलं. मुक्काम तेवढा मी पदरचा घातला. आणि शेवटचं ते, रोटीचा घास घेऊन ‘परत येईन’ म्हणणं. म्हणजे जवळजवळ पाहिल्यासारखंच.

१९ मार्च
प्रकाशकाला खरं काय ते कळवायला बसलो. तिसऱ्या परिच्छेदात पुन्हा नावाड्याच्या अंगणात पोचलो होतो. पत्र फाडलं. सही परवा करीन. पेनातली शाई ताजी हवी.

२१ मार्च, नवरोज
सहीचा कागद पुढ्यात होता. दार वाजलं. प्रकाशकाचा माणूस असेल म्हणून उघडलं, तर साठीच्या एक बाई. हातात फडक्याचं गाठोडं. म्हणाल्या, मी सलोमत, बोबोनझर नावाड्याची मुलगी. वडील हिवाळ्यात गेले.
गाठोड्यात रोटी. लाकडासारखी कडक, एक घास घेतलेली.
“तुम्ही आला नाहीत, म्हणून मीच आणली, लेखककाका.”
घास कुणाचा, हे विचारायचा धीर झाला नाही. त्यांनी आपणहून सांगितलं.
“वडिलांचा. धडा वाचून शाळेची पोरं रोटी बघायला यायची. म्हणाले, पाहुणा खोटा पडायला नको. तुतीचं झाडही त्यांनी नंतरच लावलं, अंगणात. आता भरपूर तुती येतात.”
वही घ्यायला म्हणून आत आलोय. बाहेर त्या दोघींचं बोलणं चाललंय. ओयसुलुव रोटी भिजवायला वाडगा शोधतेय. मला चारच दात आहेत.