विरलेल्या लुगड्याची किंमत

डोंबिवली, शुक्रवार, २२ नोव्हेंबर १९९१

देवाजवळ दिवा लावला, पण मन लागेना. दुपारी भांडीवालीला सासूबाईंचं जुनं लुगडं दिलं, तर तिनं बदल्यात चक्क स्टीलचा जाड डबा दिला! लुगडं इतकं विरलेलं की खाली हात धरला तर बोटं दिसत. मी तर ते लादी पुसायला काढलं होतं. गरिबाला फसवून आणलेल्या डब्यात देवाचा प्रसाद कसा ठेवू?

तेवढ्यात ती समोरच्या बिल्डिंगमधून निघताना दिसली. गॅलरीतून हाक मारली, "अहो बाई, डबा परत न्या. ते लुगडं पार विरलंय हो!"

ती खालूनच हसली. "विरलंय म्हनून तर घेतलं, वैनी! लेक बाळंत झालीये. नव्या कापडानं बाळाचं अंग सोलतंय. मला वाटलं, मीच तुमाला लुबाडलं!"

शकू कॉलेजात अर्थशास्त्र शिकते. म्हणाली, "आई, किंमत वस्तूत नसते गं, ज्याला ती हवी त्याच्या मनात असते. पुस्तकातच आहे आमच्या."

असेल बाई. मी आपली कापड किती टिकेल तेवढंच बघत आले. पण बोटं दिसण्याइतकं ते मऊ झालं कशानं? सासूबाईंनी नेसून, आणि मी इतकी वर्षं धुऊन धुऊन. विठ्ठला, तू त्याचं पोतेरं होऊ दिलं नाहीस.

सासूबाईंचं आणखी एक लुगडं ट्रंकेत आहे. भांडीवाली विठ्ठलवाडीला राहते. बाळ बघायला जाईन, तेव्हा घेऊन जाईन.