अप्पांचा आवाज

३ जून
बेळगाव सोडताना धाकधूक होती, पण पहिला दिवस छान गेला. दाजीबानपेठेतल्या साड्यांच्या ठोक दुकानाची मी नवी व्यवस्थापक. जुने व्यवस्थापक विनायकअण्णा महिनाअखेरीला निवृत्त होणार, तोवर काम शिकवणार. मालक अप्पा तिसऱ्या मजल्यावर असतात, त्यांचे हुकूम इंटरकॉमवर येतात. वर कोणी जायचं नाही, एवढंच अण्णांनी बजावलं. चहा करणाऱ्या हिराबाईंनी दुपारी मिरची-भजी खाऊ घातली. इथल्याच लॅमिंग्टन रोडवर खोलीही मिळाली.

६ जून
अकराला इंटरकॉम वाजला की अठरा माणसं हातातलं टाकून उभी राहतात. ऐकायचं, ‘हो अप्पा’ म्हणायचं, उलट विचारायचं नाही. आज घड्या घालणाऱ्या संगीतानं विचारलं, मुलगी तापली आहे, लवकर जाऊ का? अप्पांचा आवाज शांतपणे म्हणाला, “बोलू नकोस.”

९ जून
संगीताची वाचा गेली. घशात काहीच दोष नाही, असं डॉक्टर म्हणतात. अप्पांना भेटून जाब विचारते म्हटलं, तर अण्णांनी माझा हात धरला. “ब्याड अक्का, नको.”

११ जून
भर दुपारी वर गेले. अप्पा पलंगावर, अर्धांगानं लुळे, ओठ वाकडे. मागोमाग अण्णा धापा टाकत आले. रडत म्हणाले, चार वर्षांत अप्पांच्या तोंडून शब्द फुटलेला नाही.
तेवढ्यात खाली इंटरकॉम वाजला. अप्पांचाच आवाज. समोर अप्पांचे ओठ मिटलेले, डोळ्यांतून पाणी.

१२ जून
इंटरकॉमची वायर मी स्वतः उपटली. अकराला वाजलाच. सगळे उभे. मी ओरडले, हे अप्पा नव्हेत, ऐकू नका! एकानंही मान वळवली नाही.
“स्नेहा, तू फार बोलतेस.”

१३ जून
तोंड उघडते— नुसती हवा.

१४ जून
संगीताला इथून न्यायला आले. अकरा वाजले. इंटरकॉमवर— माझा आवाज. माझा!
हिराबाईंना वर पाठवा म्हणाला. त्या ‘हो अक्का’ म्हणत निघाल्या. मी आडवी आले, याच वहीत मोठ्या अक्षरांत लिहून दाखवलं— ती मी नाही. वाचलं त्यांनी. तरी गेल्या.
आता तो आवाज सांगतोय, तिची वही काढून घ्या.
सगळे वळले. अण्णा पुढे— संगीतासुद्धा— हात—
मी अजून लि