जमिनीखालच्या गाडीचा दरवाजा

चिमूर, मंगळवार संध्याकाळ

लेकीकडे पॅरिसला जायचं ठरलं. विमानाची नाही, तिथल्या जमिनीखालच्या गाडीची भीती वाटते. तिचा दरवाजा आपोआप बंद होतो म्हणे. मी आत आणि बायको सुमन बाहेर राहिली तर?

लेक फोनवर म्हणाली, "आई, तू मागून येणाऱ्या गाडीत बस. बाबा पुढच्या स्टेशनवर थांबतील."

सुमन हसली. "मी काऊन हलू? मोहफुलं वेचतानी कोणी चुकलं तं जागीच उभं राहून हाका मारते ना! मी तिथीच राहीन. तुमी या वापस."

मी हो म्हणालो.

माय महाकाली, तो दरवाजा डोळ्यांपुढून जात नाही. परतीची गाडी कुठून सुटते, हे मला तरी कुठे कळणार? आणि सुमन खरंच जागची हलायची नाही.