व्हिएन्नाचे रिकामे रस्ते

अण्णा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता मी तुमच्यापेक्षा वयाने मोठी आहे. दोन दिवस सारखी व्हिएन्नाची आठवण येते आहे. आपण दोघांनीही कधी न पाहिलेल्या शहराची. अप्पा बळवंत चौकामागच्या तुमच्या बाइंडिंगच्या खोलीत कॉलेजच्या लायब्ररीची मासिकं यायची, वर्षाचे अंक एकत्र शिवायला. शिवण्याआधी प्रत्येक अंकाचं कव्हर आणि जाहिरातींची पानं काढून टाकायची, अशी पद्धतच होती. एकदा कुणा वारलेल्या आर्किटेक्टच्या घरून व्हिएन्नाची जुनी मासिकं आली, आणि त्यातली ती पानं तुम्ही घरी आणलीत. आईने ती स्वयंपाकघरातल्या फळ्यांवर अंथरली. डाळीचा डबा उचलला की खाली लिफ्ट, तिखटाच्या बरणीखाली पितळी नळ. कुठल्याशा बांधकाम कंपनीचं पान तिने शेगडीमागच्या भिंतीला खळ लावून चिकटवलं होतं. गावाची जुनी तटबंदी पाडून केलेला रुंद रस्ता आणि दोन्ही बाजूंना नव्या इमारती. पोळ्या करताना मी तो बघत राहायची. एकदा पोळी करपली आणि आई चिडली. तुम्ही मात्र चष्मा वर करून पान बघितलंत आणि म्हणालात, "एवढं शहर बांधलं आणि रस्त्यावर एक माणूस नाही. राहतं कोण तिथे?"

तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला इथल्या लायब्ररीत मिळालं. शाळा अर्ध्यात सुटल्यावर मी शब्दकोश घेऊन जे काही इंग्रजी शिकले, त्यावर वाचते. जुन्या कॅमेऱ्याला फोटो घ्यायला वेळ लागायचा, चालती माणसं उमटायचीच नाहीत. उरलीसुरली छापणारे पुसून टाकायचे, इमारत उठून दिसावी म्हणून. अशाच पानांवरून ते नवं शहर जगभर पोचलं, आपल्या स्वयंपाकघरापर्यंत. आता मी तशाच रस्त्यावर राहते. स्प्रिंगफील्ड लेक्स, ब्रिस्बेनच्या बाहेर आखून वसवलेली वस्ती. दुपारी खिडकीतून बघावं तर गवत कापलेलं, गॅरेजची दारं बंद, माणूस नाही. मला गाडी चालवता येत नाही. शनिवारी मुलगा लायब्ररीला सोडतो, तासाभराने न्यायला येतो. कुणी वाईट वागत नाही, अण्णा. वागले असते तर भांडता आलं असतं.

हे गेल्यावर मी इथे आले ती सहा महिन्यांसाठी. पुण्याचा आमचा दोन खोल्यांचा फ्लॅट तेव्हापासून बंद आहे. पाणी गळतं, शेजारी फोन करतात, मुलगा इथून निस्तरून दमतो. रविवारी चहा घेताना त्याने विषय काढला.

"आई, तू परत जाणार आहेस का? खरं सांग. नाहीतर विकून टाकू."

मी म्हटलं, ते तुझ्या बाबांचं घर आहे.

"बाबा नाहीत ना आता तिथे." हळूच बोलला तो.

नात आयपॅडमधून मान वर न करता म्हणाली, "आजी इज स्टेइंग, राइट?" सून म्हणाली, आईंना विचार करू दे. मग सगळे माझ्याकडे बघत थांबले. माझं वाक्य तयार होतं. मनात आलं की जिना उतरावा, कोपऱ्यावर भाजीवालीशी घासाघीस करावी, कुणाला न विचारता घरी यावं, एवढंच मला हवंय, ते सांगून टाकावं. तोंडातून निघालं, "विकून टाक."

मुलाला वाटलं, नातीसाठी हो म्हणाले. सून कप उचलताना माझ्या पाठीवर हात ठेवून गेली. हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून तुम्हाला लिहिते. मला जायचंय असं म्हटलं असतं, तर तो लगेच "बरं" म्हणाला असता, याची मला भीती वाटली.