अठरा वर्षं न उघडलेला ग्रंथ

शिलेवा, थंडी तोंडावर

ती. हिर्शदादांस फ्रादेचा नमस्कार.

तुमचा दमा कसा आहे? वहिनींनी विणलेले हातमोजे मिळाले. दोन्ही डाव्या हाताचे आहेत, पण ऊब अगदी सारखी.

तुम्ही लग्नात विल्नाहून आणलेला तल्मूदचा, आपल्या धर्मशास्त्राचा, खंड आठवतो ना? आमच्या ह्यांनी तो अठरा वर्षं तीन रुमालांत गुंडाळून ठेवलाय. रोज सकाळी वरच्या रुमालाचा मुका घेतात (माझ्याकडे बघायला सवड नसते), पण उघडायचं नाव नाही. "अगं, पानं झिजतील!" स्वतः शिक्षक, आणि मुलांना शिकवतात शेजाऱ्याच्या फाटक्या प्रतीतून. दोन वर्षांपूर्वी आग लागली तेव्हा आधी ग्रंथ बाहेर आला, मग कोंबड्या, मग मी.

यंदा वल्हांडण सणाच्या साफसफाईत मला राहवेना. जिच्यासमोर अठरा वर्षं मी आवाज चढवून बोलले नाही, त्या वस्तूच्या पोटात आहे तरी काय? रुमाल सोडले. आपल्या रीतीनं उजवीकडून पहिलं पान उघडलं, ते शेवटचं निघालं. अक्षरं रशियन, चित्रं मधमाश्यांची! बांधणाऱ्यानं पुठ्ठ्यांची अदलाबदल केली असणार. सांगावं तर ह्यांचं काळीज फाटेल. पुस्तक मिटणार, तेवढ्यात राणीमाशीचं प्रकरण दिसलं. (हिवाळ्याआधी माश्या आपल्या ऐतखाऊ नरांना घराबाहेर काढतात, हे तुम्हाला ठाऊक होतं?) मग हे शाळेत गेले की मी रोज चार पानं वाचू लागले आणि उन्हाळ्यात परसात दोन पेट्या मांडल्या.

गेल्या आठवड्यात गावचे धर्मगुरू, रब्बी, दारात हजर. गावातल्या एका बाईचा नवरा नदीत वाहून गेलाय, प्रेतही सापडलं नाही. तिला दुसरं लग्न करता येईल का, हे पाहायला नेमका हाच खंड हवा. मी घाईघाईनं मध पुढे केला. रब्बींनी तो बोटानं चाटला आणि ग्रंथाकडे हात नेला, तसे हे आडवे आले.

"रब्बी, बोटं चिकट आहेत तुमची!"

"धुतो की! अरे, वाचायचा नाही तर ग्रंथ ठेवलास कशाला?"

"जपायला!"

रब्बी पाय आपटत शेजारच्या गावी गेले आणि तिथली प्रत बघून आले. बाईचं लग्न ठरलं, देवाची कृपा. हे मात्र मला म्हणतात, "बघितलंस? घरात ग्रंथ असला की घरात मध येतो." मी मान डोलावली. खोटं काय आहे त्यात?

तुमची धाकटी,
फ्रादे

ता.क. ह्यांना यातलं अक्षरही कळवू नका.

ता.क. आणखी एक. खरा खंड पाठवायची मुळीच घाई नाही. पण माश्यांच्या पुस्तकाचा हा पहिलाच भाग आहे. हिवाळ्यात त्यांना जगवायचं कसं, ते दुसऱ्यात दिलंय. तो बर्फ पडायच्या आत पाठवा. बांधणी चामड्याची, आणि वरची अक्षरं पवित्र हवीत.